श्वेतप्रदर, वंध्यत्व आणि गर्भिणी

भातलावणीचे दिवस सरत आले की वेंगुर्ले परिसरात एक तक्रार वाढीस लागते. चिखलात ओल्या वस्त्रांनिशी राबलेली स्त्री कंबरदुखीसाठी येते आणि औषध हातात पडल्यावर, उठता उठता, हळूच म्हणते, "आंगावरून पांढरा जाता." बहुधा हीच तिची मुख्य तक्रार असते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका विवाहितेस मी चार महिने लोध्रासव व पत्रांगासव दिले. स्राव कमी झाला, ओटीपोटातील दुखणे राहिले. योनिपरीक्षण केले नव्हते. ती संकोचली आणि मीही आग्रह धरला नाही. पुढे अपत्यासाठी तपासणी झाली तेव्हा दोन्ही बीजवाहिन्या बंद आढळल्या. संसर्ग आधीच वर चढला होता की त्या चार महिन्यांत चढला, हे आता कोणी सांगू शकत नाही. तेव्हापासून परीक्षणावाचून श्वेतप्रदराचे औषध देणे मी सोडले.

हा संकोच केवळ कोकणातला नाही. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची, तक्रार असो वा नसो, तपासणी केली. निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांत एक वा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक रोग आढळले, आणि त्यांतील निम्मे संसर्गजन्य होते. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या.

चरकाचार्यांनी वीस योनिव्यापदे वर्णिली. सुश्रुताचार्यांनी गर्भसंभवासाठी ऋतू, क्षेत्र, अंबू व बीज हे चार घटक मानले. प्रस्तुत विषय क्षेत्राचा आहे. निरोगी योनी आम्लधर्मी असते व लॅक्टोबॅसिलस जिवाणू ती आम्लता राखतात. ते घटले की पातळ, करडा, मत्स्यगंधी स्राव होतो व सामू ४.५ च्या वर जातो. हा जिवाणुजन्य योनिदोष. कॅन्डिडामध्ये दह्याच्या चोथ्यासारखा स्राव व तीव्र कंडू असते, सामू मात्र सहसा बदलत नाही. तो वारंवार उद्भवल्यास रक्तशर्करा अवश्य पाहावी. फेसाळ, पिवळट-हिरवा स्राव ट्रायकोमोनासची शंका देतो. तेथे पतीचीही चिकित्सा हवी.

बीजवाहिन्यांना खरा धोका गर्भाशयमुखाच्या क्लॅमिडिया व गोनोरिया या संसर्गांचा, आणि ते बहुधा मूक असतात. वेस्ट्रॉम यांच्या स्वीडनमधील १९९२ च्या अभ्यासात श्रोणिशोथाच्या एका आघातानंतर ८ टक्के, दोहोंनंतर सुमारे २० टक्के व तिहींनंतर ४० टक्के स्त्रियांत बीजवाहिनीजन्य वंध्यत्व आढळले. वाहिनी पूर्ण बंद न होता अरुंद झाली तर गर्भ तेथेच रुजण्याचे संकट. आपल्या देशात जननेंद्रियांचा क्षयही विसरता येत नाही; स्राव नसतानाही तो वाहिन्या निकामी करतो.

गर्भिणीत जिवाणुजन्य योनिदोषाचा संबंध उत्तरकालीन गर्भपात, अकाली गर्भोदकस्राव व अकाल प्रसव यांच्याशी आढळतो. लक्षणे असलेल्या गर्भिणीची चिकित्सा करावीच; लक्षणरहित सर्व गर्भिणींना सरसकट औषध दिल्याने अकाल प्रसव टळतो असे मात्र सिद्ध झालेले नाही.

आता आपल्या उपक्रमांविषयी. योनिधावन, पिचू, वर्ती ही आपली बलस्थाने खरी. परंतु सक्रिय संसर्गात उत्तरबस्ती देणे म्हणजे दोष वर ढकलणे होय. ओटीपोटात स्पर्शासहत्व, ज्वर, दुर्गंधी पूयस्राव असेल तर आधी प्रतिजैविक, आणि तेही उभयतांना. गर्भिणीत योनिधावन व उत्तरबस्ती दोन्ही टाळावीत.

औषधविक्रेते बंधूंनाही एक विनंती. 'पांढरे जाते' एवढ्यावर गोळ्यांचे पाकीट काढून देण्यापूर्वी पाळी चुकली आहे का, हे विचारावे. गर्भिणीस फ्लुकोनॅझोल तोंडावाटे व डॉक्सिसायक्लिन देऊ नये. कॅन्डिडासाठी तिला वैद्यकीय सल्ल्याने सात दिवस क्लोट्रिमॅझोल स्थानिक वापरता येते. शासकीय रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये अशा संसर्गांवरील औषधे विनामूल्य मिळतात, हेही तिला सांगावे. आणि हे सारे गिऱ्हाइकांच्या गर्दीत विचारू नये. दुकानात आडोशाची एखादी जागा राखली तरी ती बोलते.