दोन वर्षांचं पोर घेऊन मुंबई बघायची आहे? मग म्हसाहून निघण्याआधी हे वाचा

पौष पौर्णिमेला म्हसाची यात्रा भरते. बैलबाजार, घोंगड्यांची दुकानं, आकाशपाळणे आणि मरणाची गर्दी. मुरबाड तालुक्यातलं दोन वर्षांचं पोर ही सगळी गर्दी बापाच्या खांद्यावर बसून बघतं. त्यामुळे घरातल्यांची खात्री असते की याला गर्दीची सवय आहे, मुंबईत काय होतंय!

मग सुट्टीत मुंबईचा बेत ठरतो. यादी साधारण सगळ्या घरांत एकच असते. गेटवे, राणीबाग, महालक्ष्मी, हाजी अली, चौपाटी आणि वेळ उरला तर घारापुरी, हे सगळं एका दिवसात. दुपारी एकच्या सुमाराला गेटवेवर उन्हात पोर भोकाड पसरतं, आजीचे पाय दुखायला लागतात, आई-बापाची भांडणं होतात आणि संध्याकाळी सहाला नेमक्या ऑफिस सुटायच्या वेळेला हे कुटुंब कल्याणची लोकल पकडायला जातं.

खरा घोळ मुंबईत होतच नाही, तो घरी बेत आखतानाच झालेला असतो.

आधी वार ठरवा

म्हसा गावाला रेल्वे नाही. मुरबाडमार्गे कल्याण गाठायचं नाहीतर बदलापूर, तिथून लोकल. म्हणजे सकाळी ज्या दिशेनं चाकरमानी जातात त्याच दिशेनं तुम्हीही जाणार आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबरच परतणार. पुण्याहून किंवा नाशिकहून येणाऱ्याला मेल-एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन मिळतं, कल्याणकराच्या वाट्याला मात्र लोकलच येते.

म्हणून बरेच जण रविवार निवडतात, पण रविवारी असतो मेगाब्लॉक. लोकल पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत धावते, त्यामुळे रूळ, सिग्नल आणि वरच्या विजेच्या तारा दुरुस्त करायला रेल्वेला रिकामा मार्ग मिळत नाही. गर्दी कमी असते म्हणून हे काम रविवारी काढतात. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर ब्लॉक बहुतेकदा साडेदहा-अकरापासून दुपारी साडेतीन-चारपर्यंत असतो. तेवढ्या वेळात जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवतात किंवा उलट करतात, काही रद्द होतात आणि ज्या येतात त्या भरून येतात. ब्लॉक कुठून कुठे आहे हे रेल्वे एक-दोन दिवस आधी जाहीर करते. रविवारीच जायचं असेल तर ब्लॉकच्या आधी पोचायचं आणि तो संपल्यावर निघायचं.

बुधवारी राणीबाग बंद, सोमवारी घारापुरीच्या लेणी बंद. राहता राहिला शनिवार. राज्य सरकारी कार्यालयांना फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यामुळे शनिवारी लोकलमध्ये निदान श्वास घेता येतो. घरच्यांना रजा मिळत असेल तर शनिवारच बरा.

यादीतून चार नावं काढा

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाच्या २४ तासांत ११ ते १४ तास झोप लागते, दुपारची झोप धरून. पहाटेची एसटी पकडायला पोराला चारला उठवलं की दोनेक तास तिथेच कमी होतात. मग एकची झोप अकराला येते आणि ती मोडली की पुढचा दिवस संपला. पोर हट्टी झालं असं म्हणायला मोकळे, पण ते फक्त झोपेला आलेलं असतं.

म्हणून ठिकाण एकच, फार तर दीड. दोन वर्षांच्या मुलासाठी ते ठिकाण भायखळ्याची राणीबाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. स्टेशनपासून जवळ, मोठमोठ्या जुन्या झाडांची सावली आणि पोराला खाली सोडता येईल इतकी जागा. गेटवेवर यातलं काहीच नाही. घारापुरीला जायचं तर बोटीत तासभर, वर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आणि पोर कडेवर.

राणीबागेत २०१६ साली दक्षिण कोरियातून आणलेले हम्बोल्ट पेंग्विन आहेत. त्यांच्या थंडगार दालनात पोर काचेला नाक लावून उभं राहतं. अर्थात दोन वर्षांच्या पोराचा काही भरवसा नाही, पेंग्विन सोडून ते बाहेरची खारही अर्धा तास बघू शकतं. बघू द्यावं.

घारापुरी हुकली म्हणून मोठ्यांना हळहळ वाटत असेल तर राणीबागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. त्याच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. पोर्तुगीजांनी घारापुरीला ‘एलिफंटा’ नाव दिलं ते याच हत्तीवरून. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला होता, पण उचलताना तो फुटला. पुढे तुकडे जोडून तो इथे उभा केला.

लोकलमध्ये

कसारा किंवा कर्जतहून येणारी जलद लोकल कल्याणला येते तीच खच्चून भरलेली. त्यापेक्षा कल्याणहून किंवा बदलापूरहून सुटणारी गाडी पकडा. धीमी असेल तर वीस-पंचवीस मिनिटं जास्त जातील, पण बसायला मिळेल.

पाच वर्षांखालच्या मुलाला लोकलमध्ये आणि एसटीत तिकीट लागत नाही. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्या आजी-आजोबांना प्रवास मोफत. अंगावर पिणारं मूल असेल तर एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष आहे का ते विचारा. बाळासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या हिरकणीचं नाव त्या खोलीला दिलंय.

आई, आजी आणि पोर लेडीज डब्यात, बाप शेजारच्या जनरलमध्ये, अशी फोड बरी पडते. पण स्टेशनात लोकल अर्धा मिनिटसुद्धा धड थांबत नाही. म्हणून घरीच ठरवून ठेवा: कोणी गाडीतच राहिलं तर त्यानं पुढच्या स्टेशनला उतरून तिथेच थांबायचं. जे उतरले त्यांनी जागा सोडायची नाही आणि फोन करायचा. धावत्या गाडीत चढायचं नाही आणि पोराला हातोहात द्यायचं नाही. बाबागाडी घरीच ठेवा, पुलांच्या पायऱ्यांवर ती उचलूनच न्यावी लागते. आजीच्या जुन्या लुगड्याची झोळी जास्त कामाची.

पोर हरवलं तर

सकाळी निघताना त्या दिवशीच्या कपड्यांत पोराचा एक फोटो काढा. ‘निळा शर्ट होता की हिरवा’ यावर घाबरलेल्या आई-बापाचं एकमत होत नाही, फोटो दाखवता येतो. मनगटावर पेनानं मोबाईल नंबर लिहा. दोन वर्षांच्या मुलाला स्वतःचं नाव सांगता येईलच असं नाही, गावाचं तर लांबच. पोर दिसेनासं झालं तर आधी आपणच शोधू म्हणून अर्धा तास घालवू नका. स्टेशनात असाल तर लगेच स्टेशन मास्तर किंवा रेल्वे पोलिसांना गाठा. रेल्वेची हेल्पलाईन १३९, पोलिसांची ११२, मुलांसाठीची १०९८.

परतीची युक्ती

संध्याकाळी भायखळ्याला कल्याणकडची जलद लोकल येते तेव्हा पोर घेऊन आत शिरणं विसरा. उलट्या दिशेनं तीन स्टेशनं सीएसएमटीला जा. तिथे गाडी रिकामी लागते, बसायला मिळतं. पण त्यासाठी भायखळा ते सीएसएमटी असं ५ रुपयांचं तिकीट काढा आणि कल्याणचं तिकीट सीएसएमटीहून काढा. भायखळा-कल्याण तिकिटावर उलटं गेलात आणि टीसीनं पकडलं तर दंड किमान २५० रुपये, वर भाडं.

सगळ्यात चांगलं म्हणजे चारच्या आत सीएसएमटी सोडा. पोर कुर्ल्याच्या आत झोपतं. आणि सकाळी कल्याण स्टँडवर उतरल्या उतरल्या मुरबाडची शेवटची गाडी किती वाजता आहे ते चौकशीच्या खिडकीवर विचारून ठेवा. ती चुकली तर रात्री झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन, मागेल ते भाडं देऊन गावी जावं लागतं.