शेवटचे कडवे

आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचे आवडते गाणे कोणते, असे कोणी विचारले तर त्याचे नाव आपण बहुधा चटकन सांगाल. ते त्यांना का आवडते, हे मात्र आपण त्यांना कधी विचारले आहे का?

गिरगावातील चाळीत राहणाऱ्या, ऐंशी ओलांडलेल्या एका आजींची हकिकत येथे सांगावीशी वाटते. पक्षाघातानंतर त्यांचे जिना उतरणे बंद झाले होते. रोज सकाळी न्याहारीच्या आधी त्या ‘इंद्रायणी काठी’ लावायला सांगत. सूनबाई लावीत, पण ऐकताना सासूबाईंचे डोळे भरून येत आणि गाण्यात तर समाधीचा उल्लेख. आजारी माणसाच्या मनात निरवानिरवीचे विचार नकोत, म्हणून सूनबाईंनी मायेपोटीच ते बंद केले आणि त्याजागी भूपाळ्या सुरू केल्या. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांची न्याहारी मात्र ताटलीत उरू लागली.

एके दिवशी नातीने सहज विचारले, ‘‘आजी, तुला ते गाणं एवढं का आवडायचं गं?’’ आजी म्हणाल्या, ‘‘शेवटच्या कडव्यात ती भावंडं येतात ना, त्यासाठी. त्यांच्यातला एक आत गेला, तिघं बाहेर राहिली. माझं उलटं झालं.’’ आजी चौघांत थोरल्या. आईवडील लवकर गेल्यावर धाकट्या तिघांना त्यांनीच वाढवले आणि तिघेही त्यांच्या आधी गेले. त्या गाण्यात त्यांना मृत्यू दिसत नव्हता. रोज सकाळी काही मिनिटे त्यांची चार भावंडे पुन्हा एकत्र बसत होती.

या गाण्याची गंमत अशी, की ते कोणा संताचे नाही. 1953 साली आलेल्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटासाठी ग. दि. माडगूळकरांनी ते लिहिले, पु. ल. देशपांड्यांनी त्याला भीमपलासात चाल दिली आणि पंडित भीमसेन जोशींनी ते गायिले. तरीही भजनाला बसलेली मंडळी ते तुकोबा-नामदेवांच्या अभंगांच्या पंगतीत खुशाल म्हणतात. शेवटी ‘तुका म्हणे’ किंवा ‘नामा म्हणे’ अशी मुद्रा नाही, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. चित्रपटगीताचा अभंग झाला तो ऐकणाऱ्यांमुळे.

हे मान्य केले, तर ज्येष्ठांसाठी गाणी निवडताना आपण करतो ती घाई थांबवावी लागेल. वय झाले म्हणजे भक्तिगीतेच लावायची, असा एक समज घराघरांत असतो. काहींना ती मनापासून हवी असतात. 1955-56 साली पुणे आकाशवाणीवरून वर्षभर ‘गीतरामायण’ प्रसारित झाले, तेव्हा शाळकरी वयात असलेल्यांना त्यातील एखादे गीत आजही देव्हाऱ्यासमोर नेऊन बसवते. पण लालबाग-परळच्या गिरणगावात वाढलेल्या एखाद्या आजोबांची प्रार्थना कदाचित अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘माझी मैना’ या छक्कडीत असेल. बायकोला गावी ठेवून मुंबई गाठलेल्या माणसाची ती व्यथा; ज्याने स्वतः तेच केले आणि आता जो विधुर आहे, त्याला ती ऐकताना काय वाटत असेल, हे गाण्याच्या प्रकारावरून ठरवता येत नाही. त्यांनाच विचारायला हवे.

आणि विचारायला हवे ते वेळेवर. स्मृतिभ्रंशात अलीकडच्या घटना आधी पुसट होतात. तरुणपणी मनात रुजलेली गाणी पुष्कळदा बराच काळ टिकून राहतात. नाव न आठवणारा माणूस अख्खे कडवे म्हणतो, हे अनेक कुटुंबांनी पाहिले आहे. गाण्याने स्मृतिभ्रंश बरा होत नाही, पण आवडीचे गाणे काहींची अस्वस्थता घटकाभर शमवते. मात्र ‘हे गाणे माझे का’ हे सांगण्याची शक्ती गाणे म्हणण्याच्या शक्तीआधीच जाऊ शकते. म्हणून औषधांची नोंद ठेवता त्याच वहीत एक पान यासाठी ठेवा. कोणते गाणे, कोणाच्या आवाजातले, पहिल्यांदा कोठे ऐकले, कोणत्या ओळीशी जीव अडकतो. आपण स्वतःच ज्येष्ठ वाचक असाल, तर ते पान आपल्या हाताने लिहा; मुलांना हे आपोआप कळत नाही.

गाणे दिवसभर मागे चालू ठेवू नका. सततचा आवाज थकवतो आणि प्रिय गाण्याचाही गोंगाट होतो. दूरचित्रवाणी बंद करावी, श्रवणयंत्र असेल तर ते लावलेले आहे ना ते पाहावे, आवाज बेताचा ठेवावा आणि शक्य तर शेजारी बसावे. रुग्णालयात असाल तर इतर रुग्णांचाही विचार हवाच. डोळ्यांत पाणी आले म्हणून लगेच गाणे बंद करू नये. पण कपाळाला आठ्या पडल्या, हात झटकला, अस्वस्थता वाढली, तर थांबवावे. उदासी गाण्यापुरती न राहता दोन आठवडे टिकली, भूक-झोप हरपली, तर वयाला दोष न देता डॉक्टरांना दाखवावे; वार्धक्यातील नैराश्यावर उपचार आहेत.

गिरगावातल्या त्या घरात ‘इंद्रायणी काठी’ पुन्हा लागते. शेवटचे कडवे सुरू झाले की सूनबाई ओट्यावरचे काम तसेच ठेवून बाहेर येतात आणि आजींच्या खाटेच्या कडेला टेकतात. धाकट्या तिघांची नावे आता त्यांनाही ठाऊक आहेत.