विंडोजचा चेहरा बदलताना

२६ ऑक्टोबर २०१२ रोजी विंडोज ८ बाजारात आली आणि वर्षानुवर्षं विंडोज वापरणारी माणसं स्वतःच्याच संगणकासमोर गोंधळून बसली. १९९५ पासून डाव्या कोपऱ्यात ठाण मांडून बसलेलं स्टार्ट बटण गायब होतं. त्याऐवजी समोर रंगीत चौकटींचा अख्खा पडदा! संगणक बंद कुठून करायचा, इथपासून शोधाशोध.

इवो बेल्चेव या प्रोग्रॅमरचा ‘क्लासिक शेल’ हा मोफत प्रोग्रॅम तेव्हा अनेकांच्या मदतीला धावून आला. २००९ पासून उपलब्ध असलेल्या या प्रोग्रॅमने जुना मेनू जसाच्या तसा परत आणून दिला. मायक्रोसॉफ्टने पुढच्या वर्षी ८.१ मध्ये बटण परत दिलं खरं, पण ते दाबलं की पुन्हा चौकटींचाच पडदा. खरा मेनू यायला २०१५ ची विंडोज १० उजाडली. बेल्चेव यांनी २०१७ अखेर काम थांबवलं, मात्र सोर्स कोड खुला ठेवला. त्यातूनच आजचा ‘ओपन-शेल’ उभा राहिला.

बाहेरच्या माणसाला हे जमतं कसं? कारण आपण ज्याला ‘विंडोज’ म्हणतो, तो समोर दिसणारा भाग हा निव्वळ एक प्रोग्रॅम आहे. त्याचं नाव एक्सप्लोरर. टास्कबार, स्टार्ट मेनू, डेस्कटॉपवरचे आयकॉन, फोल्डरच्या खिडक्या हा सगळा त्याचा कारभार. टास्क मॅनेजरमध्ये जाऊन एक्सप्लोररची प्रक्रिया बंद केली, तर टास्कबार आणि आयकॉन क्षणात नाहीसे होतात. पण वर्डमधलं अर्धवट पत्र जागच्या जागी असतं, प्लेअरवरचं गाणंही चालूच राहतं. तिथूनच ‘रन न्यू टास्क’मध्ये एक्सप्लोरर असं टाइप केलं की सारं पूर्ववत. एकदा हे डोळ्यांनी पाहिलं की डेस्कटॉप म्हणजे संगणक नव्हे, हे पक्कं कळतं.

हा समोरचा भाग, म्हणजे ‘शेल’, बदलण्याची सोय जुनीच आहे. विंडोज ३.१ मध्ये ‘सिस्टम’ नावाच्या साध्या आयएनआय फाइलीत ‘शेल’ने सुरू होणारी एक ओळ असे आणि तिथे तेव्हाच्या शेलचं, म्हणजे प्रोग्रॅम मॅनेजरचं, नाव असे. नॉर्टन डेस्कटॉपसारखे पर्याय त्याची जागा घेत. विंडोज ९५ मध्ये त्या ओळीत एक्सप्लोरर आला आणि हौशी मंडळींनी त्याला हटवून ‘लाइटस्टेप’ बसवायला सुरुवात केली. लाइटस्टेपची प्रेरणा लिनक्सवरच्या ‘आफ्टरस्टेप’ची आणि त्याचं मूळ स्टीव्ह जॉब्ज यांच्या नेक्स्ट कंपनीच्या संगणकांत. आज ही नोंद विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या रजिस्ट्रीतल्या विनलॉगऑन विभागात असते. खुद्द मायक्रोसॉफ्टही माहिती किऑस्कसारख्या यंत्रांसाठी ‘शेल लाँचर’ देते. त्यात एक्सप्लोररऐवजी संस्थेचा स्वतःचा प्रोग्रॅम थेट पडद्यावर येतो.

लिनक्समध्ये तर डेस्कटॉप बदलायला कुठली फाइल उघडायचीही गरज नाही. मथियास एट्रिख यांनी १९९६ मध्ये केडीई या डेस्कटॉपची घोषणा केली, पुढच्याच वर्षी ग्नोम आलं, आणि डेस्कटॉप निवडायचा असतो ही तिथली रीतच पडली. २०११ मध्ये ग्नोम ३ ने जुनी मांडणी मोडली, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स उघडपणे टीका करून एक्सएफसीई या दुसऱ्या डेस्कटॉपकडे वळले. अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने ग्नोम २ चा कोड घेऊन ‘माटे’ सुरू केलं, तर लिनक्स मिंटने ‘सिनॅमन’ घडवलं. एकाच यंत्रावर दोन-तीन डेस्कटॉप ठेवून लॉगिन करताना हवा तो निवडता येतो.

विंडोजवर मात्र इतकं सरळ नाही. एक्सप्लोरर पूर्ण काढला की काही सूचना आणि सेटिंग्ज अडतात. २०२१ मध्ये विंडोज ११ चा टास्कबार नव्याने लिहिला गेला, तेव्हा तो पडद्याच्या वर किंवा बाजूला नेण्याची जुनी सोयही गेली आणि जुन्या टास्कबारवर बेतलेली कितीतरी साधनं निकामी झाली. म्हणून विंडोज वापरणाऱ्या बहुतेकांना ओपन-शेलसारखा नुसता मेनू बदलणं पुरेसं आहे; मुळापासून मांडणी बदलायची असेल, तर लिनक्सच बरं.

प्रयोग करायचाच असेल, तर विंडोजवर आधी वेगळं युजर अकाउंट उघडा आणि शेलचा बदल फक्त त्याच अकाउंटपुरता करा. लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरूनही चालतं, हार्डडिस्कला हात लावावा लागत नाही. पसंत पडलं नाही, तर पेनड्राइव्ह काढा आणि संगणक पुन्हा सुरू करा.