गिधाडांची पंगत आणि आपली औषधे

शालेय पुस्तकातील अन्नसाखळीचे चित्र आपणा सर्वांच्या स्मरणात असेल: गवत, नाकतोडा, बेडूक, साप आणि सर्वांत वर गरुड. त्या चित्रातून एक पात्र बहुधा वगळलेले असे, ते म्हणजे मृतांवर जगणारे गिधाड. कुरूप म्हणून आपण त्याची उपेक्षाच केली. वस्तुतः जटायूचा हा वंश!

१९९० च्या दशकात भारतातील गिधाडे पटापट मरू लागली. भरतपूरच्या अभयारण्यातील ही घट बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी नोंदविली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारात एखादेच उरले. कारण २००४ साली उघड झाले आणि ते आपल्या ओळखीचे निघाले: डायक्लोफिनॅक. लंगडणाऱ्या गाईबैलांना हे स्वस्त वेदनाशामक सर्रास टोचले जाई. जनावर मेले, की मांसातून ते गिधाडाच्या पोटात जाई. त्याची मूत्रपिंडे निकामी होत. शवविच्छेदनात यकृतावर व हृदयावर युरिक आम्लाचे पांढरे थर आढळत. शंभरातील एकाहूनही कमी मृत जनावरांत औषध असले तरी एवढा संहार शक्य होता. कारण एकाच जनावरावर गिधाडांची मोठी पंगत बसते आणि मादी वर्षाला अंडे घालते एकच.

गिधाडे गेली, तरी त्यांचे अन्न उरलेच. ते भटक्या कुत्र्यांच्या वाट्याला आले. इथे हा विषय आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या दारी येतो. संशयित पिसाळलेल्या जनावरांच्या चाव्यांपैकी सुमारे ४० टक्के चावे पंधरा वर्षांखालील मुलांना होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मूल ठेंगणे, म्हणून चावा अनेकदा चेहऱ्यावर वा मानेवर बसतो आणि तेथून मेंदू जवळ असतो. लक्षणे दिसू लागल्यावर आपल्या हाती फारसे काही उरत नाही, हे व्यवसायबंधूंना सांगावयास नको. पारशी समाजाच्या दोखम्यांनाही गिधाडांची उणीव भासली; मुंबईच्या डुंगरवाडीत सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवावी लागली.

२००६ मध्ये पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकवर बंदी आली. तेव्हा माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचू लागल्या. म्हणून २०१५ पासून इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरच्या एका मात्रेपुरतीच ठेवण्यात आली. गिधाडांना निर्धोक ठरलेले मेलॉक्झिकॅम बाजारात आहे. किटोप्रोफेन व अॅसिक्लोफिनॅक ही मात्र तितकीच घातक निघाली. जनावरांसाठी त्यांच्यावर बंदी येण्यास २०२३ साल उजाडले.