यंत्र गेले, कारभारी राहिला

शाळेच्या कचेरीत गुणपत्रके पेन ड्राइव्हवर उतरवून घेणे चालू आहे आणि कोणीतरी घाईने तो पेन ड्राइव्ह उपसून खिशात घातला. आपण फार तर ‘अहो, थांबा की जरा!’ एवढे म्हणतो. संगणकाच्या पोटात मात्र त्या क्षणी मोठा पेच उभा राहिलेला असतो. तो कोणता, आणि संगणक त्यातून निभावतो कसा, ते आज पाहू.

संगणकाच्या साऱ्या कारभाराचा गाभा म्हणजे कर्नेल. कळफलक, प्रिंटर, पेन ड्राइव्ह, प्रत्येकाची बोली वेगळी. ती बोली जाणणारा छोटा कार्यक्रम कर्नेलमध्ये असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. एस. टी.चा ड्रायव्हर नव्हे. याला कारभारी म्हटलेले अधिक शोभेल. उदाहरणासाठी आपण लिनक्स हे कर्नेल घेऊ. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ते १९९१ साली प्रथम लोकांपुढे ठेवले, आणि त्याची सगळी मांडणी आज कोणालाही उघडून वाचता येते.

उपकरण जोडले की कर्नेल योग्य त्या कारभाऱ्याला हाक मारते. तो स्मृतीतली थोडी जागा मागून घेतो आणि तिथे त्या उपकरणाची वही उघडतो. उपकरण काढले की पुन्हा हाक येते : आता आवरा. जन्माचे काम त्या मानाने सोपे. सगळी अडचण या आवरण्यात आहे. तुम्ही पेन ड्राइव्ह घेऊन निघून गेलात, तरी संगणकातला एखादा कार्यक्रम त्यावरची फाईल उघडून बसलेलाच असतो. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! कारभाऱ्याने लगेच वही मिटून जागा परत केली आणि कर्नेलने ती दुसऱ्याला दिली, तर या कार्यक्रमाची पुढची मागणी जुन्याच पत्त्यावर जाऊन परक्याच्या वहीत खाडाखोड करील. मग सगळा संगणक जागच्या जागी थिजेल. किंवा, याहून वाईट म्हणजे, थिजणार नाही आणि आतल्या आत चुका करीत राहील. अशाच फटींतून दुसऱ्याच्या संगणकात शिरणारे चोरही असतात.

यावर उपाय काय? पाडायला काढलेली धर्मशाळा डोळ्यांपुढे आणा. शहाणा माणूस आधी दारावर पाटी लावील : नवीन कोणाला प्रवेश नाही. मग आत किती उतारू आहेत ते मोजील. एकेक बाहेर पडेल तसा आकडा उतरेल, आणि शून्य झाले की मगच पहिली कुदळ. चांगला ड्रायव्हर हेच करतो. उपकरण गेल्याची खूण करतो. त्यानंतर कोणी काही मागितले तर ‘उपकरण उरले नाही’ असे उत्तर देतो. पण शेवटचा वापरणारा फाईल बंद करीपर्यंत वहीची जागा मात्र राखतो. उपकरणाला अशी दोन मरणे असतात. देह आधी जातो, नोंद मागाहून.

बरं, मोजणाऱ्यांतच गोंधळ झाला तर? आज एका संगणकात अनेक प्रोसेसर एकाच वेळी राबतात. दोघांनी एकदम ‘तीन’ वाचले, आपापला एक मिळवला आणि दोघांनीही ‘चार’ लिहिले. आत माणसे मात्र पाच! म्हणून सामाईक नोंदींना कुलूप लागते. १९९६ साली लिनक्सला अनेक प्रोसेसर वापरता येऊ लागले, तेव्हा सोपी युक्ती काढली : साऱ्या कर्नेलला एकच मोठे कुलूप. म्हणजे चौसोपी वाड्याला किल्ली एक. एक जण आत गेला की बाकीचे अंगणात. पुढे खोलीखोलीला वेगळी कुलपे बसली, पण ते मोठे कुलूप पुरते निघायला २०११ साल उजाडले. पंधरा वर्षे! त्याच्या आधाराने नेमके काय काय सुरक्षित होते, हे एकेका ड्रायव्हरमध्ये शिरून तपासावे लागत होते.

कुलपे वाढली, तसे अडून बसणेही वाढले. एकाकडे बैल, दुसऱ्याकडे नांगर. दोघांनाही दोन्ही हवे आणि हातचे कोणी सोडत नाही. शेत पडीक. म्हणून कुलपे नेहमी एकाच क्रमाने घ्यावीत असा दंडक आहे. क्रम मोडणाऱ्याला आधीच हटकणारा लॉकडेप नावाचा पहारेकरी २००६ पासून लिनक्समध्ये आहे. पण ड्रायव्हर लिहिणाऱ्याला खरा चकवा बसतो तो आवरताना. कारभारी कुलूप हातात धरून शेवटचा माणूस बाहेर येण्याची वाट पाहतो, आणि त्या माणसाला बाहेर पडायला नेमके तेच कुलूप हवे असते! दोघेही जन्मभर उभे. तेव्हा खूण करताना कुलूप घ्यावे, आणि वाट पाहण्याआधी ते सोडून द्यावे.

आता गुरुजी विचारतील, एवढी व्यवस्था आहे तर पेन ड्राइव्ह केव्हाही उपसायला हरकत काय? हरकत आहे. ही सारी खबरदारी कर्नेल उभे राहावे म्हणून आहे. तुमची गुणपत्रके पडद्यावर ‘उतरली’ असे दिसले, तरी त्यांतली काही अजून संगणकाच्याच स्मृतीत थांबलेली असू शकतात. ‘इजेक्ट’वर बोट ठेवले की ती आधी पेन ड्राइव्हवर लिहिली जातात, आणि मग काढायला हरकत नाही असा निरोप पडद्यावर येतो.