ट्यूबच्या आतली पांढरी पूड

ट्यूबलाइटमधल्या पाऱ्याच्या वाफेतून मुख्यतः 254 नॅनोमीटरचे अतिनील किरण निघतात, आणि ते डोळ्याला दिसत नाहीत. त्यांचा उजेड करते ती काचेच्या आतल्या बाजूला लावलेली पूड, म्हणजेच फॉस्फर. चांगल्या ट्यूबमध्ये तांबडी, हिरवी आणि निळी अशा तीन पुडी मिसळलेल्या असतात.

तांबडी पूड म्हणजे यट्रियम ऑक्साइड आणि त्यात चिमूटभर युरोपियम: यट्रियमच्या शंभर अणूंमागे जेमतेम चार-पाच. दोन्ही ऑक्साइडे नुसती खलून एवढा थोडा युरोपियम सगळीकडे सारखा पसरत नाही. म्हणून ती नायट्रिक आम्लात विरघळवतात आणि ऑक्झॅलिक आम्ल घालून दोन्ही धातूंचा साका एकत्रच खाली बसवतात. तो गाळून, धुऊन, वाळवून हजार अंशांच्या वर भाजला की पांढरी पूड उरते. साध्या उजेडात ती अगदी रांगोळीसारखी, पण अतिनील किरण पडताच तांबडीलाल. कच्च्या मालात लोहाचा अंश राहिला, तर मात्र चमक मंदावते.

गंमत निळ्या पुडीत आहे. तिथेही युरोपियमच, पण बेरियम-मॅग्नेशियम ॲल्युमिनेटमध्ये, आणि भट्टीत हवेऐवजी हायड्रोजन मिसळलेला नायट्रोजन. त्यामुळे युरोपियमचा विद्युतभार तीनवरून दोनवर येतो आणि रंग पालटतो. हिरवा रंग टर्बियमचा.

ट्यूब फुटली तर खिडक्या उघडा आणि तुकडे हाताने उचलू नका. पुडीपेक्षा पाऱ्याची भीती जास्त.