मोटार आणि वेग – १४ : ब्रेक आणि ॲक्सिलरेटरमधली जागा

स्पोर्ट्‌स पेडलची खरी परीक्षा वळणाच्या आधी होते. उजवा पाय ब्रेकवर जोर देत असतो, डावा क्लच दाबतो, गिअर खाली येतो आणि त्याच क्षणी उजव्या पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला एक हलका दाब द्यावा लागतो. इंजिनाचे फेरे वाढलेले असले की क्लच सोडताना हिसका बसत नाही आणि ताण असलेली चाके घसरत नाहीत. याला हील-अँड-टो म्हणतात. सुझुकाच्या ट्रॅकवर होंडा एनएसएक्स चालवणाऱ्या शर्यतपटू आयर्टन सेनाच्या पायांचे चित्रीकरण प्रसिद्ध आहे. त्यात हे सारे साध्या लोफर बुटांत चाललेले दिसते.

अशाच पेडल्सबद्दल कुंभारीच्या एका वाचकाने प्रश्न विचारला आहे. रोज अक्कलकोट रस्त्याने सोलापूरला जाणाऱ्या गाडीला ‘कोणत्याही मॉडेलला बसणारी’ ॲल्युमिनियमची स्पोर्ट्‌स पेडल्स लावावीत का? लावू नयेत. कारण समजायला आधी मापे पाहावी लागतात.

ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांच्या कडांमधले आडवे अंतर ही पहिली गोष्ट. पेडलच्या मांडणीच्या युरोपीय नियमात, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आर-३५मध्ये, ते ५० ते १०० मिलिमीटर ठेवले आहे. रुंद पत्र्यामुळे हे अंतर कमी झाले तर चवडा एकाच वेळी दोन्हींवर पडतो. फार जास्त असेल तर घोटा पिळल्याशिवाय ॲक्सिलरेटर गाठता येत नाही. माप घ्यायचे ते रोजच्या पादत्राणासह. चप्पल, सँडल आणि बूट यांच्या रुंदीत बराच फरक पडतो.

दुसरी गोष्ट उंचीची, आणि निवड बहुतेकदा इथेच चुकते. ब्रेक सैल असताना ॲक्सिलरेटरपेक्षा वर असतो. जोरात दाबल्यावर तो जवळजवळ त्याच पातळीवर यायला हवा, किंचित वर राहिला तर अधिक चांगले. ही पातळी साधावी म्हणून ॲक्सिलरेटरवर जाड पट्टी चढवणारे पुष्कळ आहेत. सपाट रस्त्यावर ते जमूनही जाते. पण आंबेनळीसारख्या लांब घाटात ब्रेक तापले, फ्लुइडमध्ये बुडबुडे झाले की ब्रेकचे पेडल आणखी खोल जाते, आणि उंच केलेला ॲक्सिलरेटर त्याच्या वर उरतो. ब्रेक दाबणारा पाय मग नकळत गाडीला वेगही देतो. म्हणून पट्टी पातळ असावी आणि ब्रेक पूर्ण जोराने दाबून, इंजिन चालू ठेवून, उभ्या गाडीत पातळी तपासावी. इंजिन बंद असताना ब्रेकला मदत करणारा बूस्टर काम करत नाही, त्यामुळे ते माप फसवे ठरते.

तिसरी गोष्ट पेडल घट्ट बसवण्याची. सर्वांना बसणाऱ्या संचात वरची ॲल्युमिनियमची थाळी आणि मागची पातळ पट्टी यांच्यामध्ये मूळ रबर धरले जाते आणि दोन-चार स्क्रू आवळले जातात. सोलापूरच्या उन्हाळ्यात बंद गाडीत रबर मऊ पडते, पट्टी त्यात रुतते, स्क्रू सैल होतात आणि थाळी बाजूला सरकू लागते. आणीबाणीच्या ब्रेकला पायाचा जोर सहज पन्नास किलोंच्या वर जातो. त्या क्षणी थाळी फिरली तर पाय ॲक्सिलरेटरकडे घसरतो. छिद्र पाडून रिव्हेट मारणे हाही उपाय नव्हे. आजच्या गाड्यांत ॲक्सिलरेटर म्हणजे बहुधा सेन्सर बसवलेला प्लॅस्टिकचा भाग असतो, त्यावर ड्रिल चालवू नये.

त्यापेक्षा त्याच मॉडेलच्या स्पोर्टी आवृत्तीची मूळ पेडल्स मिळतात का ते पाहावे. चाकणला बनलेल्या पोलोच्या जीटी आवृत्तीत ती कारखान्यातूनच येत. टाटांच्या २०१८च्या टियागो जेटीपीतही ॲल्युमिनियमची होती. अशी पेडल्स त्या गाडीच्या मापाची असतात आणि कंपनीने योजलेल्या पद्धतीनेच बसतात.

पृष्ठभागाबद्दल थोडक्यात. गुळगुळीत चकाकी ओल्या तळव्याखाली निसटते, म्हणून रबराचे दाणे धातूच्या वर उठलेले हवेत. छिद्रांतून पाणी निघून जाते, पण सोलापूरकडची काळी माती पावसात चपलेला चिकटून येते, छिद्रांत भरते आणि वाळली की दाण्यांमधल्या खाचा बुजतात. जुन्या टूथब्रशने ती वरचेवर काढावी लागते.

ॲक्सिलरेटरची थाळी खाली लांबवलेली असेल तर चटईवर विशेष लक्ष हवे. ऑगस्ट २००९मध्ये कॅलिफोर्नियात एका लेक्ससचा ॲक्सिलरेटर दुसऱ्याच मॉडेलच्या चटईत अडकला आणि चार माणसे गेली. त्यानंतर टोयोटाला लाखो गाड्यांसाठी रिकॉल जाहीर करावा लागला. इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबावा, सोडल्यावर तो झटकन वर येतो का आणि थाळीची कड चटईला कुठे लागते का, हे वाकून पाहावे.

ट्रॅकवरही ही पेडल्स सर्वांना लागतात असे नाही. फोक्सवॅगनच्या ॲमिओ कप शर्यतींमध्ये स्टिअरिंगवरूनच गिअर बदलत, त्यामुळे हील-अँड-टोची गरजच नव्हती. डाव्या पायासाठी मात्र क्लचच्या शेजारचा भक्कम फुटरेस्ट सर्वच गाड्यांत हवा, कारण वळणात अंग तोलले जाते ते त्याच्यावर. कुंभारीच्या वाचकाने पहिला खर्च त्यावर करावा.